कुंकू खाल्लेला कीबोर्ड

संयोगिता लय तापट. नवरा सीमेवर पलटणीत, आणि ही इकडं कोरेगावजवळच्या गावात, दूध संस्थेच्या कॉम्प्युटरवर. गावातली माणसं म्हणायची, सीमेवर हिलाच धाडायला पायजे होती! चेअरमन दादासोंच्या डोळ्यांत मात्र ती सलत होती. त्या खुर्चीत त्यांना आपला पुतण्या इंद्रजित बसवायचा होता. नुसतं निमित्त हवं होतं.

ते दसऱ्याच्या सकाळी मिळालं. दाराशी दुधाच्या कॅनांची रांग, आणि कॉम्प्युटर ढिम्म. फॅटचा आकडा दाबावा तर पडद्यावर उमटेना, माऊस फिरवावा तर बाण जागचा हलेना.

"बाईमाणसाच्या हातात यंत्र दिलं की आसंच हुतंय," दादासो सगळ्यांदेखत बोलले. "ऊठ. आजपास्नं इंद्रजित बसंल."

संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उठत न्हाई! आदी काय झालंय ते बघू द्या."

तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. वायरी उपसून दुसरीकडं खोचल्या. छे! इंद्रजित तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला, एसटीत जागा धरल्यागत. खुर्ची आता जातीय, अशी धास्ती तिलाही वाटली. पण तोंडावर दाखवील ती संयोगिता कसली!

तिनं माऊस उलटा केला. खालच्या लाल उजेडावर हळदकुंकवाचा चिखल बसलेला. पदरानं खसाखसा पुसला, तसा बाण टुणकन हलला. मग कीबोर्ड पालथा करून झटकला. टेबलावर ओल्या अक्षता पडल्या, खोबऱ्याची कपची पडली आणि चिकट पाणी गळायला लागलं.

काल खंडेनवमी. दुधाच्या काट्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली होती. "जरा लांबनं करा" म्हणून ती ओरडत होती, आणि एक भला माणूस टेबलाच्या कडेवरच नारळ फोडत होता.

तिनं कीबोर्ड चेअरमनांच्या नाकासमोर धरला. "आवं, वास घ्या. नारळ कुणी फोडला?"

"तुमीच की वो दादासो!" रांगेतून म्हातारी तानुबाई म्हणाली. "मी खोबरं खाल्लं न्हवं का!" रांग खदखदून हसली.

दादासोंचं तोंड लाल झालं. "देवाच्या कामाला नावं ठेवू नगंस! कीबोर्ड तर मेलाय न्हवं? मग दूध कशानं घेणार?"

"ह्यानं." तिनं माऊसनं पडद्यावरच कीबोर्ड उघडला. एकेक आकडा बाणानं टिपून तानुबाईचं दूध चढवलं. पावती कुरकुरत बाहेर आली.

इंद्रजितनं खुर्चीवरचा हात गुमान काढून घेतला.

"आनी पुढल्या नवमीला पूजा मी करणार," संयोगिता म्हणाली. "नारळ उंबऱ्यावर फुटंल, आनी पयलं कुंकू या खुर्चीला लागंल. मी बसलेली आसताना. चला, पुढचा कॅन आणा!"