आत्यांनी धरलेली जागा

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. सांगलीत शाळेत विज्ञान शिकवते, अमावस्येला केस धुते, मांजर आडवं गेलं तर त्यालाच हुसकावते. पण हे लिहिताना अंगावर काटा येतोय, आणि हसूही येतंय...

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, जागा धरण्यात पटाईत. एसटी असो की लग्नाची पंगत — एका खुर्चीवर पिशवी, दुसरीवर छत्री, तिसरीवर चष्म्याचं घर आणि चौथीवर स्वतः. वर भांडायची तयारी! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मामा, म्हणजे मिलिटरीतून रिटायर झालेले माझे सासरे, तर लांब उभे राहून 'ही बाई आमची नव्हे' असा चेहरा करायचे.

आत्या गेल्या आणि मामांचं जेवणच सुटलं. चतकोर भाकरी पुढ्यात घेऊन बसून राहायचे. कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अ‍ॅडमिट करावं लागेल. शेवटी एका रविवारी दुपारी आमच्या ह्यांनी त्यांना स्टँडजवळच्या मटणाच्या खानावळीत यायला कसंबसं राजी केलं. मामांची अट एकच : "जागा मिळाली तर बसू, न्हाईतर माघारी. मी कुणाच्या पाठीमागं हुबा ऱ्हाणार न्हाई."

आणि रविवार तो! आत पाय ठेवायला जागा नाही. ताटांचा खणखणाट, "रस्सा आण रं!"चा गजर, प्रत्येक जेवणाऱ्याच्या पाठीशी एकेक कुटुंब टपून उभं. मामा वळलेसुद्धा. मला रडायचंच बाकी होतं.

तेवढ्यात कोपऱ्यात जेवत बसलेले एक जाडजूड गृहस्थ ओरडले, "आवं आजोबा, हिकडं या! तुमची जागा हाय!"

चार खुर्च्यांचं टेबल... रिकामं. त्या गर्दीत!

"मावशींनी धरलीया," ते वैतागून म्हणाले. "मगाधरनं कुणाला हात लावू देईनात. म्हणल्या, उंच, मिशीवालं म्हातारं येतंय, त्यांला भिंतीकडंला बसवा. पंख्याखाली शिंका येत्यात त्यांला."

मामांना पंख्याखाली शिंका येतात. हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

"कुठायत मावशी?" ह्यांनी विचारलं.

"ह्या काय, आत्ता हात धुवायला गेल्या."

हे बेसिनकडे धावले. तिथं कुणीच नव्हतं. दुसरीच कुणी बाई असेल, दुसराच कुणी म्हातारा असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण मग ती माणसं आली का नाहीत? आमचं जेवण होईपर्यंत ते टेबल आपलं म्हणायला कुणी आलं नाही. मला आजही याचं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा... फक्त मामांसमोर नको.

कारण मामांनी बेसिनकडे वळूनही पाहिलं नाही. सरळ भिंतीकडेला जाऊन बसले. भाकरी कुस्करली, रस्सा ओतून घेतला, परत मागितला. घाम पुसत पुसत जेवले. त्यांना तसं जेवताना बघून मी माझ्या ताटातली भाकरी त्यांच्या ताटात सरकवली.

एवढ्यात एका बाईंनी चौथ्या खुर्चीला हात घातला. "आजोबा, हितं कोण हाय का?"

जागा धरायची जन्मभर लाज वाटलेल्या त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली आणि त्या खुर्चीवर ठेवली.

"हाय की," मामा म्हणाले. "हात धुवायला गेलीया."