मालक का नाही आले?

आमच्या कृषी सेवा केंद्राचं लायसन माझ्या नावावर आहे. शेतकीची पदवी माझी आणि सकाळी शटर वर गेल्यापासून काउंटरमागं उभी असते ती मीच. आमचे हे गोडाऊन, गाड्या आणि गावचं राजकारण बघतात, तेही काही कमी काम नाही. पण टार्गेट पुरं केलेल्या डीलरला औषधांच्या कंपन्या परदेशात फिरायला नेतात, तेव्हा डीलर म्हणून दर वेळी गेले ते हेच. बँकॉकला गेले, दुबईला गेले, बाकूलाही जाऊन आले. यवतच्या दुकानात भिंतीभर फोटो आहेत. प्रत्येकात कोट घातलेले हे, आणि हातात ट्रॉफी. त्या फोटोंची धूळ मी पुसते.

यंदा कंपनीनं नियम बदलला. ज्याचं लायसन, त्याचाच पासपोर्ट. दौरा हाँगकाँगचा, हॉटेल पंचतारांकित, आणि शेवटच्या संध्याकाळी बंदरात फिरणाऱ्या बोटीवर जेवण आणि सत्कार. सीट एकच. ह्यांनी कंपनीच्या साहेबांना फोन करकरून बघितलं. मग जेवताना म्हणाले, "आता तूच जाऊन ये बाई. दुसरा काय इलाज?"

मला दवाखान्यात भरती व्हायचं असतं तर हे असंच बोलले असते. राग आला, पण गप्प बसले, कारण मला जायचं होतं. फार जायचं होतं. त्या बोटीवर चारचौघांसमोर उभं राहून ती ट्रॉफी मला माझ्या हातानं घ्यायची होती. बाकी हाँगकाँग कसं का असेना.

निघायच्या आधी चौकात फ्लेक्स लागला. 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' त्यावर ह्यांचा फोटो माणसाएवढा, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि कोपऱ्यात मी, लग्नाच्या अल्बममधून कापून काढलेली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "अगं, तुझा एकटीचा बरा फोटोच न्हाई घरात." म्हणजे चूक माझीच.

मुंबईच्या विमानतळावर कंपनीनं सगळ्यांना एकसारख्या लाल टोप्या वाटल्या. सगळे डीलर पुरुष, नगरपासून बारामतीपर्यंतचे, आणि त्यांच्यात मी. शिरूरचे एक आप्पा ह्यांचे जुने दोस्त, साठी ओलांडलेले, पांढरीशुभ्र इस्त्री. त्यांनी लांबूनच हाक मारली, "वैनी! मालक का न्हाई आले?"

मी नियम सांगितला. त्यांनी मान डोलावली, आणि विमानात बसल्यावर पुन्हा विचारलं. उतरल्यावर आणखी कुणी विचारलं. तिथून पुढं मी संपूर्ण कंपनीची वहिनी झाले. वहिनी, जरा गोळी द्या डोकेदुखीची. वहिनी, तुमच्याकडं सुईदोरा असंल ना? होता. हाच तर वैताग आहे, माझ्याकडं सगळं होतं.

हॉटेलात मात्र नशीब उघडलं. मला खोली मिळाली ती फार वरच्या मजल्यावर, आणि एक अख्खी भिंत काचेची. खाली बंदर. मी पर्स हातातच धरून कितीतरी वेळ उभी राहिले. करडं, जाड पाणी, त्यावर मोठमोठी जहाजं जागच्या जागी उभी असल्यासारखी, आणि त्यांच्यामधून हिरव्या-पांढऱ्या फेरी बोटी या काठाची माणसं त्या काठाला पोचवत होत्या. पलीकडं डोंगराच्या पोटापर्यंत इमारती. खाली रस्त्यावर कुठकुठली माणसं, गोरी, काळी, चिनी, डोक्याला रुमाल बांधलेल्या इंडोनेशियाच्या बायका, पगडीवाले सरदारजी, आणि कुणाचं कुणाकडं लक्ष नाही. मला ते फार आवडलं. आमच्याकडं चौकात मी नवी चप्पल घातली तरी संध्याकाळपर्यंत यवतभर होतं.

बाकीच्यांच्या खिडक्यांतून म्हणे समोरच्या इमारतीचे एसी दिसत होते. त्यामुळं सगळे बंदर बघायला माझ्याकडं आले. आले ते पलंगावर, खुर्च्यांवर, गालिच्यावर बसले, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून कुणीतरी पडदा ओढला, आणि गप्पा सुरू झाल्या त्या कांद्याच्या भावावर. पडद्यामागं एवढं बंदर आणि पुढं कांदा. मग आप्पांनी पिशवीतून चहापूड आणि दुधाची पावडर काढली. "वैनी, हॉटेलचा चहा काय खरा न्हाई. टाका जरा." मी सांगितलं की ही किटली नुसत्या पाण्याची असते. कुणी ऐकलं नाही. एकानं स्वतःच दूध ओतलं, ते उतू गेलं, किटली करपली, लाकडी टेबलावर पांढरा ओघळ. टाय लावलेली हॉटेलातली मुलगी आली, हसतमुखानं सगळं पुसून गेली, आणि जाताना तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जमीन दुभंगली तर बरं. खोली माझ्या नावावर होती ना.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर नेलं. हाँगकाँगचा सगळा देखावा तिथून दिसतो म्हणतात. वर धुकं. इतकं की स्वतःची लाल टोपी दिसेना. कंपनीच्या साहेबांनी, म्हणजे तिशीतल्या एका हुशार मुलानं, धुक्यासमोर सगळ्यांचा ग्रुप फोटो काढला. आणि त्याच वेळी ह्यांचा फोन. "अगं, पावतीबुकं कुठं ठेवलीस? आन् ते चावीचं कपाट कसं उघडायचं?" मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा. "कडी वर करून वढायची का खाली करून?" परदेशात येऊन मी कपाटाची कडीच उघडत होते.

मग लांताऊ बेटावर. समुद्रावरून जाणारी केबल कार, खाली ढग, आणि डोंगरमाथ्यावर भली थोरली बुद्धमूर्ती. आमच्यात दौंडचा एक डीलर होता, बौद्ध घरातला, माझ्याच वयाचा. पायऱ्या चढून तो वर गेला, चप्पल काढली आणि बाजूला मांडी घालून डोळे मिटून बसला. मीही जरा लांब टेकले. वारा थंड होता. पहिल्यांदाच मला कुणी वहिनी म्हणालं नाही. आणि तेवढ्यात खालून साहेबांची शिट्टी, जेवण थंड होतंय, गुजराती थाळी आहे. तो उठला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आयुष्यात एकदा आलो ताई, आन् ह्यांना ढोकळा पायजे." मला हसूही आलं आणि त्याच्यासाठी वाईटही वाटलं.

शेवटची संध्याकाळ. मी माहेरची पैठणी नेसले. बोट दोन मजली, दिव्यांनी मढवलेली, वरच्या मजल्यावर स्टेज. आता बंदर काचेपलीकडचं नव्हतं, हाताशी होतं, पाण्याचा खारट वास येत होता. काठावरच्या इमारतींवर एकेक दिवा लागत होता. बोलायला मी दोन वाक्यं पाठ केली होती.

आमचा नंबर जवळ आला तशी साहेबांची लगबग सुरू झाली. माझ्याजवळ वाकून म्हणाले, "मॅडम, सरांना व्हिडिओ कॉलवर घ्या ना. आमचं त्यांच्याशी बोलणं झालंय. तुम्ही फक्त फोन असा समोर धरा."

मला वाटलं, हे मला बघणार आहेत. मी लावला फोन. पडद्यावर आमचं दुकान, आणि दुकानात हे, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. साहेबांनी माइकवर घोषणा केली, "यवतचे आपले सर्वांचे लाडके डीलर, जे आज इथं नाहीत, पण मनानं आपल्यात आहेत!" टाळ्या. मला फोन उंच धरायला लावला. सगळे फोनकडं बघून टाळ्या वाजवत होते आणि हे पडद्यातून हात जोडत होते. एक मोठे अधिकारी पुढं आले, ट्रॉफी माझ्या दुसऱ्या हातात दिली आणि म्हणाले, "सरांना दाखवा, सरांना दाखवा."

तर मी काय होते? मी एक स्टँड होते. साडी नेसवलेला स्टँड.

मी फोन कट केला.

साहेबांनी लगेच माइकवर सांभाळून घेतलं, "नेटवर्कचा जरा प्रॉब्लेम..." मी फोन कमरेला खोचला आणि माइक त्यांच्या हातातून घेतला. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. मी म्हणाले, "नेटवर्क चांगलं आहे. मीच कट केला. दुकानाचं लायसन माझ्या नावावर आहे, आणि दुकानात उभी पण मीच असते. पुढच्या वेळी नाव पुकारताना तेवढं बघा." मग दौंडच्या त्या माणसानं टाळी वाजवली, मग आणखी काहींनी. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि तेही वाजवायला लागले. मी खाली उतरून थेट बाहेर कठड्याशी गेले. ट्रॉफी माझ्याच हातात होती.

फोन वाजत होता. वाजतच होता. शेवटी घेतला.

"कट का केलास?" हे.

"तुमच्या सत्काराला कंटाळले."

हे म्हणाले, "अगं येडे, माझा कुठला सत्कार? साहेब म्हणले, तुला स्टेजवर बोलावणार हायेत, म्हणून समद्यांना दुकानात बोलावलंय मी. पेढे आणल्यात. तू ट्रॉफी घेताना समद्यांना दावायची हुती. आन् नेमकं तवाच तू कट केलास."

हे खरं, की आयत्या वेळी सुचलेलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ह्यांना सुचतं पटकन. पण त्यांनी फोन फिरवला, तर खरंच दुकान भरलं होतं. आमच्याकडं तेव्हा अजून ऊन होतं. बियाण्यांच्या पोत्यांवर माणसं बसली होती, दारातही उभी होती. बायकाही होत्या. सगळे डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होते.

"दाव की आता," हे म्हणाले.

मी ट्रॉफी वर धरली. रडू येत होतं आणि राग गेलेला नव्हता, दोन्ही एकदम. तेवढ्यात माझ्या मागं बंदराच्या दोन्ही काठांवर लेझरचे दिवे नाचायला लागले, ज्यासाठी जगभरचे लोक तिथं येतात. बोटीवर आरडाओरडा झाला. मी म्हणाले, "बघा, मागं बघा!"

पण पडद्यावर एक म्हातारा चेहरा पुढं सरकला. माझ्या माहेरचे, राहू गावचे एक आबा, आमचे जुने गिऱ्हाईक. दिव्यांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. "पोरी, बरं झालं घावलीस. उसाचं मधलं कोवळं पोंगं वाळाया लागल्यात. काय मारू?"

"आबा, मी हाँगकाँगला आहे! बोटीवर!"

"ते दिसतंय की. पर तुझ्या मालकाला इचारलं, तर ते म्हंत्यात बाई आल्यावर या."

हे आबांच्या तोंडासमोर, हात लांब करून, फोन नीट धरून उभे होते. मला पडद्याच्या कडेला त्यांचा नुसता अंगठा दिसत होता.

"पोंगा ओढला तर सहज निघतोय का?" मी विचारलं.

"निघतोय. घाण वास बी मारतोय."

"मग खोडकिडा आहे. जरा वर धरा फोन, सगळ्यांनाच सांगते."

फोन वर झाला. मी बंदराकडं पाठ करून सांगायला लागले. मागून आप्पा ओरडले, "वैनी, अवो दिवे बघा, संपत्याल!" मी हातानंच त्यांना थांबा म्हटलं, आणि दिवे संपेपर्यंत सांगत राहिले.