चहा संपेपर्यंत

धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी तापमानाचे सेन्सर तपासते. खरं तर तपासायचे चाचा, मी त्यांच्या हाताखाली. चाचा रोह्याचे, बरीच वर्षं गल्फमध्ये हेच काम करून आलेले. त्यांची पद्धत ठरलेली. सेन्सर गरम तेलाच्या टाकीत सोडायचा, टाकीवर शंभर डिग्री दिसले की चहा मागवायचा, तो सावकाश संपवायचा आणि मगच सेन्सरला जोडलेल्या मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा.

मला वाटायचं, किती तो टाइमपास!

मग मला कळलं की मीटरला मागे यूएसबी आहे आणि पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत मीटरशी बोलायचा तयार कोड मिळतो. मी वेडीच झाले! चार ओळी लिहिल्या, 'आकडा दे' म्हटलं, आणि मीटरने दिला!! टाकीलाही जोडलं. शंभर डिग्री झाले रे झाले की आकडा थेट फाइलमध्ये. चाचांचं दिवसभराचं काम मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं.

त्यात जवळजवळ सगळे सेन्सर कमी आकडा दाखवून नापास निघाले. साहेबांनी चाचांची गेल्या वर्षीची वही काढली. त्यात सगळे पास.

"काय हो चाचा," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "रीडिंग घेतलं होतंत, की चहा पिता पिता भरलंत?"

सगळे हसले. मीपण हसले. थोडंसंच, पण हसले.

चाचांनी वही उचलून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना स्टोअरला बसवलं, हातमोजे वाटायला.

त्याच आठवड्यात एक सेन्सर टाकीत तसाच राहिला, कारण मी फोनवर बोलत बसले होते. परत आले तर मीटरवरचा आकडा हळूहळू वर चढत होता. चढत चढत चाचांच्या वहीतल्या आकड्यावर येऊन थांबला. तेल शंभरला पोचलं तरी सेन्सर आतून पोचलेला नसतो. त्याला वेळ द्यावा लागतो. चहा त्यासाठी होता.

आणि मी कुठली, तर पेणजवळच्या जोह्याची! आमचा गणपतींचा कारखाना. मूर्ती वरून सुकली तरी आतून ओली असते, रंगाची घाई करू नको, हे बाबा मला लहानपणापासून सांगतायत.

मी गुपचूप प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली, पंधरा मिनिटं थांबायची. सगळे सेन्सर पास झाले. साहेबांनी विचारलं, आधी काय झालं होतं? मी म्हटलं, "केबल लूज होती सर." इतकं पटकन खोटं आलं तोंडात! तेव्हा ते माझ्या प्रोग्रॅमचं इतकं कौतुक करत होते ना. चाचांचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.

मग सुट्टीच्या दिवशी पेणच्या स्टँडवर चाचा दिसले. डोळ्यांवर नवा कोरा चष्मा.

"काय गो, बाजाराला आलीस काय?"

"हो. चाचा, चष्मा कधी लागला?"

"आताच. हितला डॉक्टर बोलतो, नंबर नावाला हाय, नाय लावलास तरी चालंल. पण घेतला. म्हटलं, मीच आकडं चुकीचं वाचलं असतील वर्षभर. मोठं कायतरी झालं असतं कंपनीत तर?"

तिथेच, जोह्याच्या बसच्या रांगेत मी सगळं सांगून टाकलं. केबलचंसुद्धा. चाचा ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "बस लागली बघ तुझी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बरं, झालं ते झालं, बोलवून घेऊ त्यांना." मी म्हटलं, "सर, तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात." साहेबांनी समोरची फाइल ओढली. शेवटी मीच चाचणीच्या टेबलापाशी सगळ्यांना सांगितलं, चूक माझी होती, चाचांचे आकडे बरोबर होते. या वेळी कुणी हसलं नाही.

चाचा परत आले. पहिल्याच दिवशी माझ्या स्क्रीनपाशी वाकले.

"थांबायचं कुठं लिवलंयस?"

मी ओळ दाखवली.

"पंधरा? जाड्या सेन्सरला कमी पडंल. वीस कर."

केले. ती वीस मिनिटं आम्ही दोघं चहा पितो. आकडा स्क्रीनवर आला की चाचा आता चष्मा लावून मीटरवर वाचतात, मग काढून वाचतात, मग परत लावून. पूर्वी एकदाच वाचायचे.