हेडसेट घेऊन दहिवलीत चार दिवस राहिले, आणि एक ठिपका दिसला नाही

आधीच सांगते, ही पोस्ट रागात लिहिली आहे. कर्जतची हिरवाई, धबधबे आणि फार्महाऊसचे फोटो हवे असतील तर ते इतरत्र भरपूर मिळतील. मी तिथे फिरायला गेले नव्हते. मला पाठवलं होतं.

औषधाच्या खोक्यात, मिक्सरच्या डब्यात, फवारणीच्या बाटलीबरोबर घडी घातलेलं एक पत्रक येतं ना, बारीक अक्षरांचं, ती मराठी पत्रकं आमचं ऑफिस तयार करतं. ऑफिस ठाण्यात आहे. छापण्याआधी ती तपासायचं काम माझं. सतरा वर्षं मी तेच करते आहे. मूळ मजकूर एका बाजूला, छपाईसाठी लावलेलं पान दुसऱ्या बाजूला, आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. खाली माझी सही असते. ती झाली की पान छापायला जातं.

सप्टेंबरात आमच्या देवेश सरांनी सहा हेडसेट आणले. डोळ्यांवर चढवायचा जाडजूड चष्माच तो. घातला की समोरची खोलीही दिसते आणि खोलीत हवेत तरंगणारे, हवे तेवढे मोठे स्क्रीनही. टेबल नको, जागा नको, कुठूनही काम करा. सर म्हणाले, "ऑफिसची निम्मी जागा सोडता येईल." पुढच्या सोमवारी आम्ही कामावर आलो तर तपासणी विभागातले सगळे स्क्रीन उचलून नेलेले. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

माझ्या शेजारी सुनंदा बसते. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे, त्यामुळे हेडसेटमधली दोन डोळ्यांची दोन चित्रं तिला एक होऊन दिसतच नाहीत. घातल्यावर दहाव्या मिनिटाला ती उलटी करायला धावली. सर म्हणाले, "सवय होईल. नाही झाली तर दुसरं काहीतरी काम बघू." दुसरं काम म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी भांडले. तेव्हा ते मला म्हणाले, "तुम्ही सर्वांत जुन्या. ऑफिसबाहेर कुठेतरी चार दिवस हेडसेटवर काम करून बघा आणि रिपोर्ट द्या. त्यावरून ठरवू."

मी कर्जत निवडलं, कारण मी राहते त्या डोंबिवलीहून सरळ गाडी आहे आणि सकाळी उलट्या दिशेला जाताना खिडकी मिळते. दहिवलीत एका ओळखीतून खोली ठरली. कांबळे काका-काकूंचं घर, मागे वांग्याचा आणि भाताचा तुकडा, ओट्यावर पंचशील ध्वज. दोन वेळचं जेवण धरून दिवसाला बाराशे रुपये. स्टेशनापासून शेअर रिक्षा मिळते, चालत गेलात तरी अर्धा तास. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. घाटात गाडी ढकलायला मागून इंजिनं लावतात, ती जोडायच्या कामावर त्यांची उमर गेली. काही वर्षं घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनातही होते.

सोमवारी दुपारी ओट्यावर बसून मी पहिल्यांदा हेडसेट चढवला. खरं ते सांगायलाच हवं, पहिला अर्धा तास मी हरखून गेले. एका शाळेसाठीचा मोठा तक्ता तपासायचा होता. ऑफिसात तो तुकड्यातुकड्यांनी बघावा लागतो. इथे तो अख्खा भातशेतासमोर उभा होता, दरवाजाएवढा. मान वळवून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तो पाहिला आणि दोन चित्रं उलटसुलट लागल्याचं एका नजरेत कळलं. एवढ्यापुरतं ते यंत्र उत्तम आहे. रिपोर्टात मी हे लिहिलंही.

मग खरं काम सुरू केलं. ऑक्टोबरची उष्णता होती. कपाळावरची गादी घामाने भिजली आणि चष्म्याऐवजी आत बसवलेल्या भिंगांवर वाफ धरायला लागली. बॅटरी दोन तासांनी संपते, म्हणून वायरीने बांधून घेतल्यासारखं भिंतीजवळ बसावं लागलं. हवेतल्या कीबोर्डवर मराठी टाइप करणं म्हणजे शिक्षा, म्हणून साधा कीबोर्ड मांडीवर घेतला, पण कॅमेऱ्यातून स्वतःची बोटं दाणेदार आणि जराशी मागून आल्यासारखी दिसत. संध्याकाळी मान अशी आखडली होती की काकूंनी वाढलेल्या तांदळाच्या भाकरीकडे मी सबंध अंग वळवून बघत होते.

"तोंडावर ह्ये काय उठलंय?" काकूंनी विचारलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ होते.

"काम करायचं यंत्र आहे, काकू."

"काम करायचं व्हय. मला वाटलं डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं." त्या हसल्या नाहीत. आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या.

मंगळवारी फवारणीच्या औषधाचं पत्रक आलं. वांग्यावरच्या किडीसाठीचं औषध, तीन पानं, अगदी बारीक अक्षर. मी दोन खिडक्या हवेत शेजारीशेजारी लावल्या. मोठी अक्षरं छान दिसत होती. पण अनुस्वार, रफार, पूर्णविराम थरथरत. मान स्थिर ठेवली की ठिपका दिसे, जरा हलली की पुसट होई. मोठं करावं तर ओळ डोळ्यांपुढून पसरत जाई आणि मूळ मजकुराशी ताडायला मान सारखी फिरवावी लागे. पाचव्या तासाला माझे डोळे सरळ सांगत होते की हे नीट दिसत नाही. मी त्यांचं ऐकलं नाही. दुपारी सरांचा निरोप आला होता: आज हे गेलंच पाहिजे, हेडसेटवर वेग किती वाढतो ते क्लायंटला दाखवायचं आहे. पाच वाजता मी सही टाकली आणि पान पाठवून दिलं.

बुधवारी सकाळी काका मागच्या तुकड्यातून वांगी घेऊन आले. दोन-तीन किडकी होती. ती बाजूला काढत ते म्हणाले, "औंदा कीड लय हाय. कायतरी मारावं लागंल."

"काका, काल मी याच किडीच्या औषधाचं पत्रक तपासलं," मी म्हणाले आणि कौतुकाने फोनवर त्यांना ते पान उघडून दिलं. मला विचारायचं होतं की भाषा समजते का.

काकांनी फोन लांब धरला आणि बोट ठेवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मात्रेच्या ओळीवर ते थांबले. पुन्हा वाचलं.

"लिटरला पंधरा मिली? ताई, ह्ये बरोबर हाय का?"

"का?"

"म्हंजे पंधरा लिटरच्या पंपाला सव्वा दोनशे होतंय. आमी बाटलीच्या टोपणानं मोजतो. येवढं घातलं तर झाडं करपून जातील. आन फवारणाऱ्या माणसाचं काय? त्याच्या अंगावर उडतंच की."

मी फोन घेतला आणि मूळ मजकूर उघडला. १.५ मि.लि. आमच्या पानावर १५ मि.लि. पान लावणाऱ्याने टंक, म्हणजे फॉन्ट, बदलला तेव्हा मधला ठिपका गळाला होता. असे ठिपके गळतात, म्हणूनच तर मला पगार मिळतो. काल दोन्ही खिडक्यांत मला तो आकडा सारखाच दिसला होता. एकीकडे ठिपका होता आणि मला दिसला नाही. दुसरीकडे नव्हता आणि तेही दिसलं नाही.

मी सरांना फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला.

"सर, फवारणीचं पत्रक थांबवा. मात्रा चुकली आहे. दीडच्या जागी पंधरा."

"मी क्लायंटकडे बसलोय. तुम्हीच ओके दिलंय ना?"

"हो, मीच दिलंय."

"मग पॅनिक होऊ नका. दुपारी बघतो. लागलंच तर वरून स्टिकर लावू. आणि एक, हेडसेटमुळे झालं असं कुठे लिहू नका."

फोन बंद झाला. माझ्या चुकीबद्दल ते दोन शिव्या घालते तर मी ऐकून घेतल्या असत्या, माझी चूक होतीच. पण शेतात कोण काय ओतेल हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. डोक्यात होता तो फक्त हेडसेट.

आमची पत्रकं छापतात तो छापखाना चौकजवळ, लोधिवलीच्या पुढे एका शेडमध्ये आहे. तिथला फोन वाजत राहिला. यंत्र चालू असलं की तिथे कोणाला काही ऐकू येत नाही. काकांनी काही न विचारता स्कूटर बाहेर काढली.

कर्जतहून चौकला जाणारा रस्ता एरवी मी तुम्हाला आवडीने सांगितला असता. दोन्ही बाजूंना पिवळी पडत आलेली भातं, मधेमधे फार्महाऊसची उंच फाटकं, उजवीकडे डोंगर. एकूण रस्ता बरा आहे, काही वळणांवर मात्र खड्डे आहेत आणि डंपर समोरून अंगावर येतात. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. काकांच्या पाठीमागे बसून मी आकडे मोजत होते: किती प्रती, किती बाटल्या, किती पंप.

चौकला जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागलो तेव्हा काका मान मागे न वळवता म्हणाले, "आमच्या कामात दोन डब्यांमधी उभं राहून जोडणी करायची. साहेब सांगायचा, समोरच्यानं बत्ती दाखवली की दे सिग्नल. मी जोडणी हातानं चाचपून बघितल्याबिगर कंदी दिला नाय. साहेब लय बोलायचा."

मी छापखान्याचा नंबर पुन्हा लावला.

शेडमध्ये शाईचा आणि रॉकेलचा वास होता आणि यंत्र धडधडत होतं. यंत्र चालवणाऱ्याचं नाव पाटील. पन्नाशीचा माणूस, हात कोपरापर्यंत निळे. मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"मालकाचा फोन आल्याबिगर मशिन थांबत नाय, मॅडम," तो म्हणाला.

"मालक कुठे आहेत?"

"पनवेलला. फोन लागत नाय."

मी गठ्ठ्यावरचा ओला कागद उचलला. साध्या डोळ्यांनी, खिडकीच्या उजेडात, एका क्षणात दिसलं: पंधरा. हातभर अंतरावरून दिसलं. मी फोनवरचा मूळ मजकूर कागदाशेजारी धरला. पाटलाने हात पुसले, भिंग घेतलं आणि दोन्ही वाचलं. भिंगाची गरज नव्हती, पण त्याने ते सावकाश, दोनदा वाचलं.

"ह्ये फवारायचं औषध हाय ना?"

"हो."

"माझा भाऊ फवारतो," तो म्हणाला आणि जाऊन त्याने यंत्र बंद केलं.

दोन तृतीयांश माल छापून झाला होता. घडी घालून एकही पत्रक बाहेर गेलेलं नव्हतं. पाटलाने गठ्ठ्यांवर लाल फुली मारली आणि त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं, 'मजकूर चुकीचा, मी थांबवले', खाली सही. देवेश सरांचा फोन आला तो दुपारी पावणेतीनला. तोवर मी आणि काका हायवेवरच्या टपरीत मिसळ खाऊन परतीच्या वाटेवर होतो. छपाईचा खर्च कोणाच्या डोक्यावर, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. काही उरलं-सुरलं बाहेर गेलं का, हे दुसऱ्यांदाही विचारलं नाही.

गुरुवारी मी हेडसेट पिशवीतून काढला नाही. सकाळी काकूंबरोबर उल्हास नदीपर्यंत चालत गेले, पाण्यात पाय सोडून बसले आणि मला रडू आलं. काकू म्हणाल्या, "थांबवलंस ना गं? मंग झालं." झालं नव्हतं. काकांना वांग्यांतली कीड दिसली नसती तर ते पत्रक बाटल्यांबरोबर शेतात पोचलं असतं.

घरी येऊन मी अकरा ओळींचा रिपोर्ट लिहिला. मोठे तक्ते, चित्रं, नकाशे एका नजरेत पाहायचे असतील तर हेडसेट उपयोगी. बारीक मराठी मजकूर तपासायला निरुपयोगी आणि धोक्याचा. तासाभराच्या वर घालू नये. ज्यांच्या डोळ्यांना जमत नाही त्यांना सक्ती करू नये. शेवटच्या ओळीत पत्रकाची हकीकत आणि माझी चूक, दोन्ही लिहिल्या. सरांनी तो वरच्यांना पाठवला तेव्हा ती शेवटची ओळ त्यात नव्हती. मी मूळ रिपोर्ट सगळ्यांना पाठवला. त्यानंतर सर माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. पुढच्या पगारवाढीत काय होईल ते मला माहीत आहे.

स्क्रीन परत आले. सहाही. हेडसेट आता पाहुण्यांना दाखवायला कपाटात असतात.

मला विचाराल तर कर्जतला जा, दहिवलीत राहा, भाकरी खा, पण सुट्टी टाकून जा. राग गेलाय का, असं विचाराल तर नाही. तो यंत्रावर कधीच नव्हता. दिसत नसताना दिसतंय असं म्हणायला लावणाऱ्यांवर होता, आणि तसं म्हणणाऱ्या माझ्यावर.

स्क्रीन आले त्या दिवशी सुनंदाने कोणाची वाट न पाहता टेबलाखाली शिरून मागच्या वायरी स्वतः जोडल्या, धूळ पुसली आणि कामाला लागली. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल.

"काहीच बोलणार नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू?" पानावरून नजर न काढता ती म्हणाली. "माझाच होता तो स्क्रीन."