बोगद्यात ऐकलेलं ‘बा’

अक्कलकोटच्या आमच्या ड्रायव्हरमामांमुळंच मी जिवंत हाय. मी करमाळ्याचा, आठवीत शाळा सोडून त्यांच्या ट्रकवर लागलेला. घरापासून लांब, डोंगरातल्या नव्या बोगद्यात पुढच्या गाडीनं पेट घेतला. जुन्या घाटात निदान आभाळ दिसायचं. इथं धुरात ट्रकही दिसेना. भोंग्यावरची सूचना धूर ओढणाऱ्या पंख्यांच्या घरघरीत कळेना. मी उतरून तिथंच थिजलो. माझ्याआधीच उतरलेले मामा धुरातून ओरडत होते, “बा! बा!” वाटलं, घाबरून बापाला हाका मारतायत. धीर द्यायला आवाजाकडं धावलो, तर त्यांनी दंड धरून मला भिंतीतल्या दारातून शेजारच्या बोगद्यात ढकललं. दार लागलं, धूर पलीकडंच राहिला.

“कन्नडात ‘बा’ म्हणजे ये की, येड्या!”

मामा, म्हातारपणी नुसतं ‘बा’ म्हणा. कुटं बी असलो तरी येईन.