दांडीवरचं निळं जाकीट

शेजारच्या काकांचं निळं जाकीट दांडीवरून मी उचललं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दोन हजार सहाचा मे असावा. आम्ही आरोंद्याचे. मी सव्वीस वर्षांचा, रोज गोव्यात म्हापशाला खेळाच्या कपड्यांच्या दुकानात कामाला जायचो. तिथे एका जुन्या परदेशी कंपनीचा माल होता, छातीवर घार असलेला. कैक वर्षं तो फक्त फुटबॉल खेळणारेच घेत. मग कॉलेजची मुलं यायला लागली. मैदानाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. जीन्सवर, मोटारसायकलवर मिरवायला त्यांना तीच गळ्यापर्यंत चेन असलेली जाकिटं हवी होती. कंपनीनेही वारं ओळखून आपले जुने रंग, जुनी घार परत काढली. पण खरा मान होता तो खऱ्या जुन्याला. बापाचं, मामाचं, बोटीवरून आलेलं, कॉलर विटलेलं जाकीट घालून एखादा यायचा आणि आमच्या नव्या मालाकडे बघून नुसता हसायचा.

मी तर नक्कल घालत होतो. दुकानातला जोडीदार म्हणायचा, "एका धुण्यात तुझ्या घारीचो कावळो जातलो."

खरं जुनं आमच्या शेजारीच होतं. काका बोटीवरची नोकरी करून घरी बसलेले. तरुणपणी जहाजावरच्या संघातून परदेशी बंदरांत फुटबॉल खेळले, तेव्हाचं ते जाकीट. वर्षातून एकदा, पावसाआधी, ते पेटीतून बाहेर निघायचं. कामाला येणारी वहिनी सकाळी दांडीवर टाकायची, उन्हं उतरली की घडी करून आत ठेवायची. त्या रविवारी ती आत भांडी घासत होती. मी जाकीट पिशवीत घातलं. पणजीला जाऊन चार जणांत मिरवायचं आणि चारच्या आत परत टांगायचं, एवढाच विचार.

परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि काकांचा आवाज मधल्या दगडी गडग्यापर्यंत येत होता.

"सकाळी तूच टाकलंस. मगे गेला खंय? पाय फुटले तेका?"

"तुमचा जाकीट घालून मी बाजारात मासे विकूक बसतलंय?" वहिनी म्हणाली.

कोणी हसलं नाही. पिशवी माझ्या हातात होती. पुढे झालो असतो तर काकांच्या दोन शिव्यांवर मिटलं असतं. मी मागच्या दाराने घरात गेलो आणि पिशवी माळ्यावर सारली.

दोन दिवसांत तीन घरांनी वहिनीला कामाला येऊ नको म्हणून सांगितलं. तिचा नवरा वारलेला, पदरात दोन मुली. त्या घरांवरच तिची चूल. तिसऱ्या दिवशी ती काकांच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली. "माका देवळात घेवन चला. थंय गाऱ्हाणा घाला. काय तां होवंदे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतले सगळे देवळात जमले. मानकऱ्याने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी ही वस्तू उचलल्यान असात, तेका तुझ्या पायाकडे आण रे म्हाराजा." सगळ्यांनी म्हणायचं असतं, "व्हय म्हाराजा." मी गप्प राहिलो तर शेजारचे बघतील, या भीतीने मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. वहिनी माझ्या पुढेच उभी होती. तिने वळून पाहिलं. तिला वाटलं, मी तिच्या बाजूने ओरडतोय.

गाऱ्हाण्यानंतर चौथ्या दिवशी ती विहिरीवर शेवाळात घसरली. उजवा हात मोडला. वाडीने निकाल लावून टाकला. तिच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण खळ्याखळ्यांत तेच. "देवान दाखवल्यान. त्याच हातान घेतल्यान असतला."

मी तिला बघायला गेलो. आई म्हणाली म्हणून गेलो, स्वतःहून नाही. वहिनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती.

"घडी करताना माझ्याच हातसून खंय पडला नाय मां रे?" तिने मला विचारलं. "रात्रभर आठवतंय. आता माकाच समजणा नाय."

दांडीवर टाकल्यानंतर ती जाकिटाला शिवलीसुद्धा नव्हती, तरी स्वतःवर संशय घेऊ लागली होती. आणि मी तिला म्हटलं, "पडला असात. जावंदे, सोडून दी." चोरीपेक्षा ते वाक्य मला जास्त छळतं.

गणपतीच्या आधी ती मुलींना घेऊन माहेरी, बांद्याला गेली. परत आली नाही. जाकीट मी पुन्हा अंगाला लावलं नाही. त्या पावसाळ्यात माळ्यावर त्याला वाळवी लागली, तशीच पिशवी नेऊन खाडीत सोडली. दोन वर्षांत घारीची फॅशनही ओसरली आणि दुकानात दुसरा माल आला. काका गेले, ते वहिनीने चोरी केली असं धरूनच.

ती अजून बांद्यालाच असते. तिला आरोंद्याला आणून, त्याच देवळात, उरलेल्या माणसांसमोर मी जाकीट घेतलं होतं असं सांगायचं माझ्याकडून राहिलेलं आहे.