सायकलच्या पंपाने सिगडी फुलवणारे इवाई

आमच्या इवायांनी, म्हणजे माझ्या सुनेच्या वडिलांनी, जन्मात एकही वस्तू ती ज्या कामासाठी बनली त्या कामाला लावली नाही. सिगडी फुलवायची तर सायकलचा पंप. सायकलमध्ये हवा भरायची तर शेजाऱ्याचा पंप, कारण स्वतःचा राखेने चोंदलेला. दाढीच्या ब्रशने ते रेडिओ झाडत आणि दाढीला हाताने फेस करत. मोडक्या छत्रीच्या काड्यांवर त्यांच्या अंगणात कारल्याचा वेल चढला होता. मी इकडे हिंदी मुलखात, रिछाईच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला. शिकलो चौथीपर्यंतच, पण कोणतं हत्यार कशासाठी, हे मला कुणी शिकवू नये. एकदा ते पान्याने खिळा ठोकत होते, तेव्हा मी बोललोच. ते म्हणाले, "भाऊ, पान्याले कुठं ठाऊक आहे, का तो पाना आहे म्हणून?" काहीही म्हणोत, बरोबर मीच होतो.

अशा माणसाने एका गोळीसाठी अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला.

आमची नात जन्मली ती निळे ओठ घेऊन. फुफ्फुसातल्या रक्ताच्या नळ्या आवळलेल्या. ऑक्सिजन लावूनही ओठांचा रंग बदलेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली. आम्ही दोघे आजे ती आणायला नेपियर टाउनला गेलो. दुकानदाराने चिठ्ठीवरचं औषधाचं नाव वाचलं, इवायांचे पांढरे केस पाहिले आणि हळूच विचारलं, "दादाजी, किसके लिए चाहिए?" इवाई भट्टीवर काम केलेले, कानाने कमी. "जोर से बोलो बेटा!" त्याने पुन्हा विचारलं. "नातिन के लिए! अभी नाम भी नहीं रखा!" दुकानदार गारच पडला. मग म्हणाला, "ये तो मर्दों की कमज़ोरी वाली गोली है." तेही दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. मी साबणाच्या जाहिरातीकडे पाहत उभा राहिलो.

वॉर्डात आल्यावर इवाई गोळ्यांचं पाकीट खिशातून काढेनात. "बाई, लेकरू निळं पडून राहिलं, आन् तुम्ही हे काहून देऊन राहिल्या?" डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, ही गोळी रक्ताच्या नळ्या सैल करते. हिच्या फुफ्फुसातल्या नळ्याही करेल. इतक्या लहान लेकरांसाठी ती बनलेली नाही, हे खरं आहे. पाकिटावरही तसं लिहिलेलं नाही. पण मुलांची बरीच औषधं अशी मोठ्यांचीच, वजन पाहून द्यावी लागतात."

"म्हणजे ज्यासाठी बनली नाही, त्यासाठी?" इवाई ओरडले.

सून काचेच्या पेटीजवळ बसली होती. तिकडून नजर न हलवता म्हणाली, "बाबा, पंप सिगडीसाठी बनला होता का?"

मला हसू आलं होतं, पण इवायांचा चेहरा पाहून गिळलं.

"पंप बिघडला तर दुसरा येते, माय. हे बिघडली तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हमी मी देत नाही, काका. बीपी खाली जाऊ शकते, म्हणून मी इथंच बसून राहीन. पण नाही दिली तर काय होईल, ते तिचे ओठ सांगून राहिले."

इवायांनी पाकीट काढलं आणि बाईंच्या नाही, लेकीच्या हातात ठेवलं. लेकीने ते बाईंना दिलं. नर्सने गोळीची पूड करून पाण्यात विरघळवली, बिनसुईच्या बारीक सिरिंजमध्ये थोडंसं ओढलं आणि नाकातल्या नळीतून पोरीच्या पोटात सोडलं. त्यानंतर इवायांनी त्या दिवशी एकही उलटा प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी ओठांवर गुलाबी रंग आला. तो आधी मला दिसला. इवाई म्हणत, त्यांना. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

पोर घरी आली तशी सलाईनची रिकामी बाटली इवायांच्या कारल्याला पाणी पाजू लागली. ती सिरिंज मात्र त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. आमच्या शिलाई मशीनला तेल घालायला मी ती एकदा मागितली. म्हणाले, "नाही भाऊ. तिचं काम झालं. आता राहू द्या तिले."

इवाई आता नाहीत. नात स्कूटर उडवत कॉलेजला जाते, आणि रुमालातली ती सिरिंज माझ्या कपाटात आहे. मशीनच्या त्या अडचणीच्या कोपऱ्यात तेल सोडायला तिच्यासारखी वस्तू नाही, हे मला चांगलं कळतं. मशीन कुरकुरत असते.